उत्तर येण्याची सोय: एका आकाशनिरीक्षण-पत्राचा प्रकरण अभ्यास

हौशी आकाशनिरीक्षकांसाठी दर आठवड्याला ईमेलने जाणारं एक न्यूजलेटर. लिहिणाऱ्या बाई एकट्याच. पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हेत, पण आकाशाचा नाद जुना आणि अभ्यास पक्का. कोणता ग्रह कुठे दिसेल, चंद्र कोणत्या ताऱ्याजवळून जाईल, उल्कावर्षाव कधी आहे, अशी त्या आठवड्याची माहिती पत्रात असे. माहिती अचूक, मांडणी नेटकी, वाचकसंख्या सावकाश पण सतत वाढणारी. मग त्या आजारी पडल्या आणि काही आठवडे पत्र निघालंच नाही. बऱ्या होऊन पुन्हा लिहायला बसल्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की मधल्या काळात पत्र का आलं नाही असं एकाही वाचकाने विचारलेलं नाही.

हे त्यांना फार लागलं. पत्र बंद करावं का, असा विचार त्यांच्या मनात आला. त्याच सुमारास संपादनात मदत करण्यासाठी मी त्यांच्यासोबत काम करू लागले. पुढे जे घडत गेलं त्याची ही नोंद आहे. वाचकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील ढोबळ ठेवले आहेत.

पहिली गोष्ट आम्ही तपासली ती अगदी साधी होती: पत्र कोणत्या पत्त्यावरून जातं? ते ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून जात होतं. सेवा सुरू करताना समोर आलेला तो पर्याय त्यांनी तसाच राहू दिला होता. त्या पत्त्यावर आलेली उत्तरं कुणीच वाचत नव्हतं, ती कुठे साठतही नव्हती. म्हणजे कुणी विचारलं नाही असं म्हणायलाही आधार नव्हता. शंभर जणांनी विचारलं असतं तरी बाईंना ते कळलं नसतं. वाचक थंड आहेत हा त्यांचा निष्कर्ष होता, पण प्रत्यक्षात वाचकाला बोलायला जागाच ठेवलेली नव्हती. वाचकाशी नातं जोडायचं तर लिहिण्याची शैली वगैरे नंतर बघू. आधी त्याचं उत्तर माणसापर्यंत पोचलं पाहिजे. पत्ता बदलला आणि बाईंचा रोजच्या वापरातला इनबॉक्स त्याला जोडला. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा बदल मी यालाच मानते, जरी त्याला फारसा वेळ लागला नाही.

आता आकड्यांबद्दल. बाईंचा भरवसा ओपन रेटवर होता, आणि तो छान दिसत होता. एवढे लोक पत्र उघडतात आणि तरी कुणालाच काही वाटत नाही, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. ओपन रेट मोजला जातो तो पत्रात लपवलेल्या एका अगदी लहान चित्रावरून. ते चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं की पत्र उघडलं अशी नोंद होते. पण सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की वाचकाने पत्र उघडलं असो वा नसो, त्यातली चित्रं पार्श्वभूमीला परस्पर उतरवून घेतली जातात. वाचकाची गोपनीयता जपण्यासाठीच ती केली आहे, आणि ते योग्यच आहे. परिणाम असा की कधीही न वाचलेलं पत्रही ‘उघडलेलं’ मोजलं जातं. उलट ज्यांच्या मेलमध्ये चित्रं बंद असतात ते पत्र मन लावून वाचूनही मोजणीत येत नाहीत. नातं जोखायला हा आकडा कामाचा नाही. आम्ही तो पाहणंच सोडलं, आणि त्याऐवजी बाईंनी एका वहीत आलेल्या उत्तरांची नोंद ठेवायला सुरुवात केली. किती आली हे तर खरंच, पण त्याहून जास्त महत्त्व कशाबद्दल आली याला.

पत्राचा सूरही बदलायला हवा होता. जुने अंक काढून वाचले तर त्यांत सगळीकडे ‘आम्ही’, ‘आमच्या वाचकवर्गास’, ‘सादर करीत आहोत’. मागे एखादी संस्था असावी असं वाटे; होती एकच व्यक्ती, जी पहाटे उठून शुक्र पाहायची आणि मग कामाला लागायची. ती पहाट पत्रात कुठेच नव्हती. शुक्र किती अंश वर आहे ते होतं, पण तो कुणी पाहिला आहे याचा मागमूस नव्हता. आम्ही ठरवलं की प्रत्येक अंकात बाईंनी स्वतः पाहिलेली एक तरी गोष्ट यावी, आणि ढग आले असतील तर ढग आले असं लिहावं. ढगांचा भाग त्यांना आवडला नाही. माहितीच्या पत्रात न दिसलेल्या गोष्टीचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र वाटतं की आकाश पाहणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ ढग सरण्याची वाट बघण्यात जातो, आणि हे ज्याला ठाऊक आहे तोच आपल्यातला वाटतो.

नाव घालून पत्र पाठवण्याचाही प्रयोग झाला. ‘प्रिय वाचक’च्या जागी प्रत्येकाचं नाव आपोआप यावं अशी सोय बहुतेक सेवांमध्ये असते. नोंदणीच्या वेळी कुणी नाव भरलं नव्हतं, कुणी नुसतं एक अक्षर टाकलं होतं, कुणी आडनाव आधी लिहिलं होतं. त्यामुळे काही पत्रांची सुरुवात ‘नमस्कार’ आणि मग रिकाम्या जागेनंतर एक स्वल्पविराम अशी झाली. पण सगळी नावं नीट असती तरी या सोयीबद्दल माझं मत बदललं नसतं. नाव यंत्राने घातलं आहे हे आज प्रत्येकाला कळतं. ज्याला आपल्याबद्दल नावापलीकडे काहीच माहीत नाही त्याने नाव घेतलं म्हणून जवळीक वाटत नाही. सोय काढून टाकली.

मग आला खरा प्रश्न: वाचकाने लिहावं तरी कशाबद्दल? सुरुवातीला पत्राच्या शेवटी ‘अंक कसा वाटला, जरूर कळवा’ अशी ओळ टाकली. दोन-चार जणांनी ‘छान’ म्हणून कळवलं आणि तेवढ्यावरच थांबलं. हे अपेक्षितच होतं. ‘कसं वाटलं’ या प्रश्नात वाचकाला परीक्षक व्हावं लागतं. त्याला अभिप्राय बनवावा लागतो, तो बरा दिसेल का याचा विचार करावा लागतो. शिवाय त्या प्रश्नाचा रोख लिहिणाऱ्याकडे असतो. वाचकाच्या स्वतःच्या आयुष्यातलं काहीच त्यात विचारलेलं नसतं.

पुढच्या वेळी बाईंनी विचारलं: आज रात्री कृत्तिका पाहा आणि नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता आले तेवढा आकडा मला लिहून पाठवा.

हा प्रश्न मला आजही नमुनेदार वाटतो, आणि का ते थोडं सविस्तर सांगते. वृषभ राशीतला हा तारकागुच्छ सुमारे ४४० प्रकाशवर्षं दूर आहे. त्यात हजारावर तारे आहेत, पण दुर्बिणीशिवाय बहुतेकांना सहाच्या आसपास दिसतात. आकाश गडद आणि नजर तीक्ष्ण असेल तर जास्त, दिव्यांचा उजेड किंवा चंद्रप्रकाश असेल तर कमी. तो ओळखायला सोपा आहे आणि माणसं राहतात अशा जवळजवळ सगळ्या प्रदेशांतून दिसतो. आता याचं उत्तर देताना काय होतं ते पाहा. उत्तर एका अंकाचं आहे, लिहायला क्षणभर पुरे. ते कुणाचंही चूक ठरू शकत नाही, कारण जे दिसलं ते दिसलं. ते प्रत्येकाचं वेगळं आहे, म्हणून माझं उत्तर पाठवण्यात अर्थ आहे. आणि ते द्यायला बाहेर जाऊन मान वर करावी लागते, म्हणजे वाचक उत्तर लिहितो तेव्हा नुकताच काहीतरी अनुभवून आलेला असतो. अशा माणसाला आकड्यापुढे आणखी एक वाक्य लिहावंसं वाटतंच.

तसंच झालं. काहींनी खरोखर फक्त ‘६’ एवढंच लिहिलं. पण कुणी लिहिलं की आधी चार दिसले, अंधाराला डोळे सरावल्यावर सहा. कुणी डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच ते वेगळे वेगळे दिसल्याचं लिहिलं. एका वाचकाला नुसता धूसर ठिपका दिसला होता आणि त्याबद्दल थोडी खंत होती. रात्रपाळी करणाऱ्या एकाने कामाच्या मधल्या सुट्टीत बाहेर येऊन मोजले होते. यातला एकही माणूस यापूर्वी कधी काही बोलला नव्हता, आणि यांतले बरेच जण अनेक महिन्यांपासून पत्र घेत होते.

बाईंनी प्रत्येकाला उत्तर दिलं. दोन-तीन ओळींचंच, पण त्या माणसाने जे लिहिलं होतं त्याला धरून. ‘६’ लिहिणाऱ्याला त्यांनी सहाव्याच्या पुढचा तारा सांगितला, जो थोडा वेळ थांबलं तर दिसू शकतो. धूसर ठिपका दिसणाऱ्याला सांगितलं की थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली तर मंद तारे उमटतात, कारण डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग अंधुक प्रकाशाला कमी संवेदनशील असतो. साच्यातली ‘आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत’ ही ओळ एकदाही वापरली नाही. माझा अनुभव असा आहे की उत्तराची लांबी वाचकाच्या लक्षात राहत नाही. त्याचं म्हणणं नीट वाचलं गेलं की नाही हे मात्र लगेच कळतं.

नंतरचा अंक त्या उत्तरांमधून तयार झाला. गडद आकाशाखालून आलेले आकडे आणि उजेडाच्या वस्तीतून आलेले आकडे शेजारी ठेवून बाईंनी प्रकाशप्रदूषणावर लिहिलं. माहिती तीच, जी त्यांनी कुठल्याही अंकात दिली असती, पण या वेळी ती वाचकांच्या डोळ्यांतून आली होती. ज्यांनी लिहिलं नव्हतं त्यांनाही पहिल्यांदाच समजलं की हे पत्र आपल्यासारखी इतर माणसंही वाचतात आणि पाठवलेलं उत्तर वाया जात नाही. पुढच्या प्रश्नाला आलेल्या उत्तरांत नवे लोक बरेच होते.

त्यानंतर बाईंनी अल्गोल घेतला. ययाति तारकासमूहातला हा रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो, कारण त्याचा मंद साथीदार त्याच्यासमोरून जातो. एरवी तो देवयानीतल्या अलमाक ताऱ्याइतका तेजस्वी, २.१ प्रतीचा, ग्रहणाच्या मध्यावर ३.४ प्रतीपर्यंत उतरतो (प्रत हे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद). हा फरक साध्या डोळ्यांना सहज कळतो. या बदलाचा ठरावीक काळ जॉन गुडरिक या बधिर तरुणाने १७८३ मध्ये मोजून रॉयल सोसायटीला कळवला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. साथीदाराची कल्पनाही त्यानेच मांडली. हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास किती उभा आहे हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही. अमेरिकेत अशा निरीक्षकांची संघटना १९११ पासून या नोंदी गोळा करते आहे. बाईंनी वाचकांना मंद होण्याच्या वेळा दिल्या आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून काय दिसलं ते लिहायला सांगितलं.

यात एक गोष्ट निघाली जी पत्राला फार उपयोगी पडली. दूर दक्षिण गोलार्धातल्या एका वाचकाने लिहिलं की अल्गोल तिथून क्षितिजाला जेमतेम टेकतो, आणि गेले कित्येक अंक आपण आपल्याला न दिसणारं आकाश वाचत आलो आहोत. तक्रारीचा सूर नव्हता, पण मुद्दा बिनतोड होता. पत्र सगळे वाचक उत्तर गोलार्धात आहेत असं धरून चाललं होतं. बाईंनी पुढच्या अंकात हे स्पष्ट लिहिलं आणि दक्षिणेकडच्यांसाठी एल कॅरिनी हा तारा सुचवला, जो साडेपस्तीस दिवसांच्या चक्रात कमी-जास्त तेजस्वी होतो. तेव्हापासून प्रत्येक अंकात दक्षिणेच्या आकाशासाठी एक परिच्छेद असतो. वाचकाच्या एका पत्राने न्यूजलेटरची रचना कायमची बदलली, आणि हे त्या वाचकाला माहीत आहे. वैयक्तिक नातं म्हणजे मला तरी हेच वाटतं: तुमच्या लिहिण्याने समोरच्याच्या लिहिण्यात काहीतरी हललं पाहिजे.

काही पत्रं आकाशापलीकडची आली. एकीने वडिलांच्या मागे राहिलेल्या दुर्बिणीबद्दल लिहिलं. पत्र इतकं सुंदर होतं की बाईंना ते अंकात छापायची फार इच्छा झाली, नाव न देता. आम्ही आधी विचारायचं ठरवलं. उत्तर आलं की ते फक्त तुमच्यासाठी लिहिलं होतं. छापलं नाही. तेव्हापासून नियम झाला की कुणाच्याही उत्तरातलं एक वाक्यसुद्धा विचारल्याशिवाय अंकात जाणार नाही, आणि हा नियम पत्राच्या तळाशी लिहून टाकला. तो वाचल्यावर येणारी पत्रं आणखी मोकळी झाली, हे मला अपेक्षित नव्हतं.

बाईंच्या वहीचाही प्रश्न होता. कोण कुठे राहतो, घरी कोण आहे, प्रकृती कशी आहे, हे लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी आपुलकीने विचारता येईल असं त्यांना वाटे. भावना चांगली होती. पण युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहिती जपणाऱ्या कायद्याचं एक तत्त्व मला कायद्याबाहेरही पटतं: ज्या कामासाठी माहिती दिली त्या कामापुरतीच ती ठेवावी. वाचकाने आकाशासाठी सांगितलं ते वहीत राहिलं, म्हणजे तो कुठून पाहतो, दुर्बीण आहे का, कशात रस आहे. बाकीचं ज्या पत्रात आलं त्या पत्रात राहिलं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही प्रमाणनं (मेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याकडून आला आहे हे पटवणाऱ्या तपासण्या) लागतात, सदस्यत्व एका क्लिकमध्ये रद्द करता आलं पाहिजे, विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. हे पत्र त्या मर्यादेपेक्षा खूप लहान आहे, तरी सगळं करून घेतलं. ‘सदस्यत्व रद्द करा’ ही ओळ बाईंनी बारीक करड्या अक्षरांत ठेवली होती. ती नेहमीच्या अक्षरांत आणली. ज्याला जायचं आहे त्याला सहज जाता येणं हाही त्याच्याशी नीट वागण्याचाच भाग आहे. शिवाय जीमेल सुमारे १०२ केबीपेक्षा मोठं पत्र मध्येच कापतं, आणि बाईंचा प्रश्न असायचा अगदी शेवटी. सजावट कमी केली, प्रश्न वर घेतला.

यानंतर एका बाबतीत आमचे मतभेद झाले. उत्तरं येऊ लागल्यावर बाईंना न बोलणारे वाचक खुपू लागले. इतके दिवस एकदाही काही न लिहिणाऱ्यांची नावं काढून टाकावीत, म्हणजे उरतील ते खरे आपले, असं त्यांचं म्हणणं. मी याला ठाम विरोध केला. कोणत्याही पत्राचे बहुसंख्य वाचक लिहीत नाहीत आणि त्यांच्याकडे त्याची कारणं असतात: वेळ नसतो, भिडस्तपणा असतो, काहींना नुसतं वाचण्यातच समाधान असतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये रेडिओ-टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल लिहिताना या एकतर्फी ओळखीला पॅरासोशल असं नाव दिलं: प्रेक्षकाला निवेदक जवळचा वाटतो, निवेदकाला प्रेक्षक माहीतही नसतो. न्यूजलेटरमध्येही ते असतंच, पण एक मोठा फरक आहे. इथे गप्प वाचक हवं तेव्हा बोलू शकतो, आणि इतरांना उत्तर मिळतं हे तो दर आठवड्याला पाहत असतो. त्या भरवशावर तो थांबलेला असतो. शेवटी आम्ही एवढंच केलं, की फार काळ कसलीच हालचाल न दिसलेल्यांना एक साधं पत्र पाठवलं: पत्र हवं असेल तर काही करू नका, नको असेल तर या दुव्यावर क्लिक करा. काही गेले. काहींनी उत्तर लिहिलं की दर आठवड्याला वाचतो, फक्त कधी बोललो नाही.

आता अडचण उलटी आहे. उत्तरं एवढी येतात की प्रत्येकाला त्याच आठवड्यात लिहिणं बाईंना जमत नाही. मदतनीसाने त्यांच्या नावाने लिहावं, किंवा एआयकडून मसुदे करून घ्यावेत, असे सल्ले आले. दोन्ही नाकारले. वाचक बाईंना लिहितो आणि उत्तर बाईंचं समजून वाचतो. ते दुसऱ्याचं असेल तर आतापर्यंत जे जमलं ते सगळं खोट्यावर उभं राहील. त्याऐवजी तीन बदल केले. प्रश्न दर आठवड्याऐवजी एक आठवडा सोडून विचारायचा. ज्या शंका पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं अंकातच द्यायची. आणि पत्राच्या तळाशी लिहायचं की प्रत्येक उत्तर मी स्वतः वाचते, पण परत लिहायला कधी महिना लागतो आणि कधी राहूनही जातं.

ती ओळ लिहायला बाई नाखूश होत्या. लोक लिहिणं थांबवतील अशी त्यांना भीती होती. उत्तरं कमी झालेली नाहीत. फरक एवढाच पडला, की बऱ्याच जणांनी आता सुरुवातीलाच सांगायला सुरुवात केली आहे की याचं उत्तर नाही दिलं तरी चालेल, आणि मग ते आधीपेक्षा लांब लिहितात.